दाराची फुटलेली कांच

संसारांत रोज कांहींतरी मोडतें, फुटतें, झिजतें, आणि आपण तें दुरुस्त करतों किंवा बदलतों. कपबशी फुटली तर दुसरी बाजारांतून येते. नळ गळूं लागला तर तास दोन तासांत माणूस बोलावला जातो, कारण गळता नळ कोणाला स्वस्थ झोपूं देत नाहीं. परंतु दाराची कांच फुटली म्हणजे घरांत एक चमत्कारिक स्थिति उत्पन्न होते. पहिल्या दिवशीं आरडाओरडा होतो, कोणाच्या हातून फुटली याची चौकशी होते, केर काढला जातो, आणि संध्याकाळीं त्या जागीं जुन्या खोक्याचा पुठ्ठा ठोकला जातो. मग तो पुठ्ठा दिवाळीपर्यंत तेथेंच राहतो. कित्येक घरांत तर एक दिवाळी ओलांडून दुसरीची वाट पाहतो. एकत्र कुटुंबांत हें विशेष घडतें. दार सर्वांचें असतें, आणि जें काम सर्वांचें तें कोणाचेंच नव्हे, हा आपल्याकडील जुना अनुभव आहे.

"कांच फुटली तर नवी बसवावी, त्यांत लिहिण्यासारखें काय आहे?" असें कोणी सुज्ञ वाचक म्हणतीलही. आमचें सांगणें एवढेंच कीं, बहुतेक घरांत नवी कांच बसते ती जुनीच्याच जातीची असते, आणि त्यामुळें एकदां निभावलेला धोका आपण पैसे मोजून पुन्हां घरांत आणतों. खिडकीची कांच आणि दाराची कांच दिसावयास सारखी. पण खिडकी बहुधा उंचावर व बाजूला असते, आणि दार वाटेंतच असतें. तें दिवसांतून पन्नास वेळां उघडतें, मिटतें, वाऱ्यानें आपटतें. मुलें त्याच्याकडे हात पुढें करून धांवत येतात. दार ढकलण्यासाठीं पुढें केलेला हात कांचेवर पडला व ती फुटली, तर तो हात आपल्याच वेगानें धारेंतून पलीकडे जातो, आणि भिऊन मागें ओढतांना पुन्हां कापला जातो. मनगटाच्या आंतल्या बाजूस रक्तवाहिन्या, मज्जातंतु व बोटें हालविणाऱ्या स्नायूंचे दोर अगदीं कातडीखालीं असतात. ते तुटले तर शस्त्रक्रिया करावी लागते, आणि लिहिणारा, तबला वाजविणारा किंवा यंत्र चालविणारा हात पूर्ववत् होईलच अशी खात्री राहत नाहीं. पुठ्ठ्याच्या जागीं कोणती कांच येणार, हा प्रश्न म्हणून क्षुल्लक नाहीं.

कागलच्या दारांत

हा विषय आम्हांस कागलच्या निमित्तानें विशेष मांडावासा वाटतो. कोल्हापुराहून बंगळूरच्या महामार्गानें दक्षिणेस निघालें म्हणजे कागल लागतें. कागलच्या घाटगे घराण्यांतूनच १८८४ सालीं शाहू महाराज कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले. आज कागलचें नांव सर्वतोमुखीं झालें आहे तें तेथील पंचतारांकित औद्योगिक वसाहतीमुळें. "पंचतारांकित" या शब्दानें एखाद्या बड्या हॉटेलाची आठवण होते. परंतु १९६२ सालीं स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या, म्हणजे ज्याला सर्व लोक एमआयडीसी म्हणतात त्याच्या, मोठ्या व सोयींनीं युक्त अशा वसाहतींच्या वर्गाचें तें नांव आहे. कागल व हातकणंगलें या दोन तालुक्यांत पसरलेल्या या वसाहतींत लोखंडाचें ओतकाम होतें, यंत्रांचे भाग व इंजिनें तयार होतात, सूत निघतें आणि कापड विणलें जातें.

या कारखान्यांच्या आधारानें अनेक कुटुंबें आसपास स्थायिक झालीं आहेत. कोणी कोल्हापुरांतून रोज येऊन जाऊन करतात, कोणी कागलांत बंगला बांधला आहे, कोणी नव्या इमारतींत बिऱ्हाड केलें आहे. या नव्या घरांचीं दारें आमच्या आजोबांच्या काळच्या सागवानी दारांसारखीं नाहींत. बाल्कनीचें दार आपादमस्तक कांचेचें असतें, स्वयंपाकघराच्या सरकत्या दारास मोठी कांच असते, न्हाणीघराच्या दारास धुरकट कांचेचा चौकोन असतो, आणि कित्येक ठिकाणीं देवघराच्या दारासही नक्षीची कांच लावलेली असते. पावसाळ्यांत पश्चिमेचा वारा सुटला कीं हीं दारें धाडकन् आपटतात, आणि उन्हाळ्याच्या सुटींत घरांतच चेंडूफळीचा सामना रंगतो.

येथें एक विसंगति ध्यानांत येते. कारखान्याच्या फाटकांतून आंत जातांना डोक्यावर टोप, पायांत जाड बूट, डोळ्यांवर चष्मा हे नियम पाळावे लागतात. फिरत्या चक्रापुढें जाळी असते, तप्त रसापुढें आडोसा असतो. १९४८ सालच्या कारखाना कायद्यांत तर कामगाराच्या डोळ्यांच्या रक्षणाकरितां स्वतंत्र कलमच घातलेलें होतें. हे नियम उगाच झालेले नाहींत. त्यांच्यामागें पुष्कळ हातांचा व डोळ्यांचा इतिहास आहे. परंतु आठ तास या शिस्तींत वावरलेला गृहस्थ संध्याकाळीं घरीं येतो, आणि ज्या दारांतून त्याचीं मुलें दिवसभर पळतात त्या दारांत कोणत्या जातीची कांच आहे हें त्याला ठाऊक नसतें. यंत्रापुढील जाळीची काळजी करणारा माणूस घरच्या दाराविषयीं निष्काळजी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. हा प्रश्न विचारावयाचा असतो, हेंच त्याला कोणी सांगितलेलें नसतें.

कांच मोठी झाली, स्वभाव तोच राहिला

आपल्या लोकांचा कांचेशीं संबंध आला तो प्रथम दिव्यामुळें. तळेगांव दाभाडे येथें १९०८ सालीं पैसा फंडाचा कांच कारखाना निघाला. अंताजी दामोदर काळे यांनीं गांवोगांव हिंडून लोकांकडून एकेक पैसा जमविला आणि लोकमान्य टिळकांनीं त्या फंडास पाठबळ दिलें, ही हकीकत जुन्या घरांतून अजून सांगितली जाते. पुढें १९१६ सालीं कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा कारखाना उभा राहिला. त्याच्यामुळें त्या जागेला ओगलेवाडी हें नांव पडलें, आणि तेथील प्रभाकर कंदील घरोघर लागला. परंतु हे कारखाने नांवारूपास आले ते चिमण्या, कंदील व बरण्या यांसारख्या वस्तूंवर. दाराखिडक्यांना लागणारी सपाट कांच त्या काळीं मुख्यतः परदेशांतून येई. जुन्या घरांत आरशाला अजून "बेल्जमचा आरसा" म्हणतात, तो त्याच व्यापाराचा अवशेष आहे.

ती कांच महाग होती व वाहतुकींत फुटे, म्हणून सुतार ती बेतानें वापरीत. वाड्याच्या दाराला कांच असलीच तर वरच्या अर्ध्या भागांत, लांकडी पट्ट्यांनीं विभागलेल्या लहान लहान चौकटींत असे. एखादा तुकडा फुटला तरी भगदाड वीतभर पडे, आणि तेंही लहान मुलाच्या डोक्यावर. काटकसरीनें केलेल्या या रचनेंत सुरक्षितता आपोआप साधत असे.

पुढें विसाव्या शतकाच्या मध्यावर विलायतेंत ॲलिस्टर पिल्किंग्टन यांनीं वितळलेल्या कथलावर कांचेचा रस तरंगत ठेवून सपाट कांच करण्याची युक्ति काढली, आणि १९५९ सालीं ती जगापुढें आली. या "फ्लोट" कांचेला घासावें लागत नाहीं, तींत लाटा दिसत नाहींत, व ती मोठमोठ्या तक्त्यांत निघते. महाराष्ट्रांतही १९९० च्या दशकांत तळोजे येथें असा कारखाना उभा राहिला. कांच स्वस्त झाली, मोठी झाली. दारांतील लांकडी पट्ट्या गेल्या, आणि कांच गुडघ्याच्याही खालीं उतरली. तिचा स्वभाव मात्र पूर्वीचाच राहिला. साधी कांच फुटली म्हणजे तिचे लांब, सुरीसारखे धारदार तुकडे होतात, आणि त्यांतले कित्येक वरच्या चौकटींत सुळ्यांसारखे लटकत राहतात.

ताणाची विद्या

या स्वभावावर उपाय निघालेले आहेत, आणि ते समजण्यास कागलच्या वाचकांस फारसे सायास पडूं नयेत. कारण ओतकामाच्या गांवीं तापणें व निवणें यांची विद्या घरोघर ठाऊक असते. ओतीव लोखंडाचा नग एका बाजूनें लवकर व दुसऱ्या बाजूनें उशिरां निवाला, तर त्याच्या पोटांत ताण राहतो आणि पुढें तो अवचित तडकतो, हें प्रत्येक ओतारी जाणतो. जी गोष्ट लोखंडांत दोष ठरते, तीच कांचेंत मोजून मापून केली असतां गुण होते. कांच सुमारें ६२० ते ६५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवितात आणि मग तिच्या दोन्ही अंगांवर थंड हवेचे झोत एकसारखे मारतात. बाहेरचा थर आधीं घट्ट होतो. आंतला गाभा मागाहून निवूं लागतो तेव्हां आक्रसतो व बाहेरच्या थरास आपल्याकडे आवळून धरतो. कांच फुटते ती बहुधा पृष्ठभागावरील सूक्ष्म चरा रुंदावून. येथें तो चरा सर्व बाजूंनीं दाबलेला असल्यामुळें रुंदावूं शकत नाहीं. अशी कांच साध्या कांचेच्या चौपट पांचपट मजबूत असते; आणि फुटलीच तर तिचा क्षणार्धांत चुरा होऊन बोथट कडांचे लहान लहान खडे पडतात. दुकानदार हिला "टफन" कांच म्हणतात.

दुसरी जात लॅमिनेटेड कांचेची. हींत दोन कांचांमध्यें एक पारदर्शक, चिवट पडदा दाबून बसविलेला असतो. ही कांच तडकते, परंतु तुकडे पडद्याला चिकटून जागच्या जागीं राहतात. १९०३ सालीं एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच गृहस्थाच्या हातून प्रयोगशाळेंतील एक चंबू पडला. तो तडकला पण विखुरला नाहीं, कारण त्याच्या आंत एका वाळलेल्या द्रव्याचा पातळ थर बसला होता. त्यावरून ही कल्पना निघाल्याचें सांगतात. मोटारीच्या पुढल्या कांचेंत तीच वापरतात.

या दोहोंपैकीं कोणती घ्यावी, हें जागेवर अवलंबून आहे. न्हाणीघर, स्वयंपाकघर व खोल्यांमधील दारें यांस टफन कांच पुरेशी आहे. देवघराच्या दाराशीं समई किंवा निरांजन ठेवण्याची रीत असेल तर तेथेंही टफनच घ्यावी; साधी कांच एका जागीं सुमारें ४० अंशांनीं अधिक तापली तर तडकूं शकते, टफन कांच सुमारें २०० अंशांचा फरक सोसते. वरच्या मजल्यावरील बाल्कनीचें दार व रस्त्यावरचें मुख्य दार यांस लॅमिनेटेड बरी. पहिल्या ठिकाणीं फुटलेली कांच खालून जाणाऱ्याच्या डोक्यावर पडत नाहीं, आणि दुसऱ्या ठिकाणीं चोरास हात घालण्याइतकें भगदाड सहज पडत नाहीं. आंत लोखंडी जाळी असलेली जुन्या पद्धतीची कांच मात्र नांवानें फसविते. ती आगीच्या दृष्टीनें केलेली असते. माणूस आदळला तर तीही फुटते, आणि हात तारांत अडकतो.

दाराच्या कांचेविषयीं अन्य देशांनीं नियमच केले आहेत. अमेरिकेंत १९७७ सालापासून दारांत सुरक्षित कांच घालण्याचें बंधन आलें. विलायतेंत दारांतील जमिनीपासून दीड मीटर उंचीपर्यंतची कांच धोक्याच्या जागेंतली समजतात. आपल्याकडे २०१६ सालच्या राष्ट्रीय बांधकाम संहितेंत कांचेसाठीं स्वतंत्र प्रकरण आहे, आणि सुरक्षित कांचेचें भारतीय मानक आय्‌एस्‌ २५५३ हें आहे. टफन कांचेच्या एका कोपऱ्यांत बहुधा पुसली न जाणारी लहानशी मुद्रा असते. पैसे देण्यापूर्वीं ती पाहावी व बिलावरही कांचेची जात लिहवून घ्यावी.

पहिला तास

कांच फुटल्यावर प्रथम माणसांकडे पाहावें, मग कांचेकडे. मुलांना जागच्या जागीं उभें राहावयास सांगावें. अनवाणी पायांनीं त्यांनीं आईकडे धांव घेतली म्हणजे एकाचे दोन अपघात होतात. कोणास कापलें असेल तर स्वच्छ कापडानें जखम घट्ट दाबून धरावी व हात उंच ठेवावा. जखमेंत रुतलेला मोठा तुकडा घरीं उपटूं नये. त्याच्या बाजूंनीं दाब देऊन दवाखान्यांत न्यावें. रक्त थांबलें तरी बोटें हालतात कीं नाहीं व स्पर्श कळतो कीं नाहीं हें पाहावें. बोट वाकत नसेल किंवा बधिर वाटत असेल, तर जखम दिसावयास लहान असली तरी डॉक्टरांस दाखविण्यास विलंब करूं नये. धनुर्वाताची सुई कधीं घेतली होती हें विचारून घ्यावें. रक्तस्राव आवरत नसेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

त्यानंतर केर. पायांत जाड तळव्याच्या चपला आणि हातांत जाड मोजे असल्यावांचून आरंभ करूं नये. चौकटींत लटकलेले तुकडे प्रथम काढावे, आणि तेही वरून खालीं. खालचा तुकडा काढतांना वरचा सुटून मनगटावर पडूं शकतो. मोठे तुकडे वर्तमानपत्राच्या अनेक घड्यांत गुंडाळावे. कुंच्यानें झाडून झाल्यावरही फरशीच्या सांध्यांत बारीक कण राहतात. ते कणकेच्या ओल्या गोळ्यानें टिपावे व तो गोळा कांचेबरोबरच टाकावा, गाईला किंवा पक्ष्यांना घालूं नये. शेवटीं दिवा जमिनीलगत तिरपा धरून पाहिलें म्हणजे राहिलेले कण चकाकतात. गुंडाळलेली कांच खोक्यांत घालून वर ठळक अक्षरांत "कांच" असें लिहावें व घंटागाडीवरील माणसाच्या हातीं तसें सांगून द्यावें. आपल्या मुलाचा हात वांचवितांना त्या माणसाचा हात कापला जाऊं नये, हा साधा धर्म आहे.

माप आणि बसवणी

मधल्या काळांत पुठ्ठा लावण्यास हरकत नाहीं, पण तो पातळ प्लायवुडचा असावा व त्यावर तारीख लिहावी. तारीख दिसत राहिली म्हणजे लाज वाटत राहते. कांच नुसती तडकली असून जागेवर असेल तर दोन्ही बाजूंनीं रुंद चिकटपट्टी लावून दार बंद ठेवावें. तडा डिंकानें सांधून दार पुन्हां वापरांत आणण्याचा मोह टाळावा. तो सांधा दिसण्यापुरता असतो. पहिल्या आपटीस तो उघडतो.

टफन कांच मागाहून कापतां येत नाहीं. साधी कांच गांवचा कांचवाला हिरकणीनें दहा मिनिटांत कापून देतो. टफन कांच आधीं मापाची कापून, कडा घासून मगच भट्टींत जाते, आणि भट्टींतून निघाल्यावर तिच्यावर ओरखडा घालून कापूं गेलें तर तिचा चुरा होतो. म्हणून मापाची चूक येथें महागांत पडते. चौकटीच्या खांचेचें माप आडवें तीन ठिकाणीं व उभें तीन ठिकाणीं घ्यावें, कर्ण मोजून चौकट काटकोनांत आहे कीं नाहीं तें पाहावें, आणि सर्वांत लहान मापांतून प्रत्येक बाजूस दोन ते तीन मिलिमीटर कमी करावे. लांकूड पावसाळ्यांत फुगतें. कांचेस हालावयास जागा नसेल तर तें तिला चेपतें. लहान चौकटीस ४ मिलिमीटर व मोठ्या दारास ५ किंवा ६ मिलिमीटर जाडी सामान्यतः घेतात. लॅमिनेटेड कांच जाड असते, म्हणून खांच पुरेशी खोल आहे कीं पट्टी बदलावी लागेल तें सुतारास आधींच विचारावें. कांचेचें वजन दर चौरस मीटरास, जाडीच्या प्रत्येक मिलिमीटरामागें अडीच किलो असतें. पातळ कांचेच्या जागीं जाड कांच घालतांना बिजागऱ्यांकडेही पाहावें लागतें तें यासाठीं.

जुन्या लांकडी दारांत कांच लांबीनें, म्हणजे खडूची पूड व जवसाचें तेल यांच्या पुटीनें, बसविलेली असते. ती दगडासारखी घट्ट झालेली असते. पटाशीनें हळूहळू काढावी व आंतल्या बारीक चुका पकडीनें उपटाव्या. दार फार जुनें असेल तर रंग कोरडा खरवडूं नये, ओला करून काढावा. जुन्या तेलरंगांत शिसें असण्याचा संभव असतो, आणि ती धूळ मुलांच्या पोटांत जाणें वाईट. घरगुती रंगांतील शिशावर आपल्याकडे कडक मर्यादा आली ती २०१७ च्या नोव्हेंबरापासून. खांच साफ करून तिला तेलाचा किंवा रंगाचा एक हात द्यावा, खालीं दोन ठिकाणीं रबराचे लहान ठोकळे ठेवून त्यांवर कांच उभी करावी, आणि लांकडी पट्टी बारीक चुकांनीं मारावी. हातोडीचा घाव कांचेच्या कडेस लागूं देऊं नये. टफन कांच मधोमध बळकट असली तरी कडेस व कोपऱ्यास नाजूक असते. हें काम कांचवाल्याकडून करवून घेणेंच बहुतेकांस सोईचें. परंतु काम कसें व्हावें हें ठाऊक असलेला गिऱ्हाईक फसत नाहीं.

नवी कांच बसली तरी जुनें कारण राहिलें तर उपयोग नाहीं. दार वाऱ्यानें आपटत असेल तर रबराचा अटकाव किंवा पाठीमागें आकडा लावावा. आपादमस्तक कांचेचें दार उघडें आहे असें वाटून पाहुणे त्यावर आदळतात. म्हणून मोठ्यांच्या व मुलांच्याही डोळ्यांच्या उंचीवर एखादी नक्षी किंवा पट्टी चिकटवावी. गृहिणींनीं रांगोळीचें एखादें चित्र तेथें काढविलें तर सौंदर्यही साधेल.

वाड्यांतील रंगीत तुकडे

ज्यांच्या घरीं जुनें दार आहे त्यांना एक वेगळी विनंति. जुन्या वाड्यांच्या दारांवर तांबड्या, निळ्या, हिरव्या कांचांचे तुकडे असतात. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यांत, १८७७ ते १८८४ या काळांत बांधलेल्या त्या वास्तूच्या दरबार दालनांत, शिवछत्रपतींच्या चरित्रांतील प्रसंग रंगीत कांचांत दाखविलेले आहेत. आपल्या घरचे तुकडे तितक्या योग्यतेचे नसले, तरी आजोबांच्या हातचे आहेत. सुरक्षिततेच्या नांवाखालीं ते सरसकट भंगारांत घालूं नयेत. दाराच्या खालच्या भागांतील अखंड तुकडे जपून काढावे व वरच्या झरोक्यांत, हात पोहोंचणार नाहीं अशा जागीं बसवावे. खालीं नवी कांच घालावी. काढणें शक्य नसेल तर आंतल्या बाजूनें सुरक्षा फिल्म म्हणून मिळणारा पारदर्शक पापुद्रा जाणत्या माणसाकडून लाववून घ्यावा. तुकडे धरून ठेवण्यास तो उपयोगी पडतो. ज्यांस यंदा सर्व कांचा बदलणें परवडत नाहीं, त्यांनाही हा मधला मार्ग खुला आहे.

खर्च कोणी करावा

आतां पैशाची गोष्ट. टफन व लॅमिनेटेड कांच साधीपेक्षां महाग पडते व हातीं येण्यास कांहीं दिवस लागतात, हें खरें आहे. पण घरांतल्या सर्व कांचा बदलाव्या असें आम्ही सुचवीत नाहीं. कपाटाची कांच, तसबिरीची कांच, उंच खिडकीची कांच साधी राहिली तरी चालेल. दारांतील आणि दारांलगतच्या, जमिनीपासून दीड मीटरपर्यंतच्या कांचा तेवढ्या आधीं पाहाव्या, आणि त्यांतही मुलें व वृद्ध माणसें यांची जेथें रोजची ये-जा असेल तेथून आरंभ करावा. न्हाणीघरांत ओल्या फरशीवर आजीचा पाय घसरतो तेव्हां आधारासाठीं हात जातो तो दाराकडेच.

भाड्याच्या घरांत हा खर्च मालकाचा कीं भाडेकरूचा, यावरून पुठ्ठा वर्षभर राहतो. कागलसारख्या ठिकाणीं नोकरीनिमित्त बिऱ्हाडें पुष्कळ बदलतात. तेव्हां करार लिहितांनाच दाराच्या कांचांसंबंधीं एक ओळ घालावी, आणि राहावयास जातांना प्रत्येक कांचेच्या कोपऱ्यांतील मुद्रा दोघांनीं मिळून पाहावी. एकत्र कुटुंबांत उपाय याहून सोपा आहे. दुरुस्तीचें काम "घरानें" करावयाचें असें न ठेवतां एका व्यक्तीच्या नांवावर टाकावें, आणि तिच्या हातीं त्यापुरता पैसाही द्यावा. ही व्यक्ति थोरला मुलगाच असली पाहिजे असें नाहीं. फुटलेली कांच प्रथम दिसते व दिवसभर डोळ्यांत खुपते ती बहुधा घरांतील सुनेला. परंतु कांचवाल्यास बोलावण्याचा अधिकार मात्र संध्याकाळीं घरीं येणाराकडे असतो. जिला दिसतें तिलाच अधिकार दिला तर पुष्कळ पुठ्ठे आठवड्याच्या आंत उतरतील.

फुटका आरसा घरांत ठेवूं नये, असें आपल्या घरांतील वडील बायका सांगत आल्या आहेत. त्यामागील शकुनाचा विचार ज्यानें त्यानें आपल्या श्रद्धेप्रमाणें करावा. शिकवण म्हणून ती निर्विवाद शहाणपणाची आहे. तिला आजच्या घरांत एक पुस्ती जोडावयास हवी : फुटकी कांच जशी ठेवूं नये, तशी फुटल्यावर सुरी होणारी कांचही वाटेवर ठेवूं नये. येत्या रविवारीं जेवणापूर्वीं एक मापपट्टी घेऊन घरांतील सर्व दारांपुढून फिरावें, कोपऱ्यांत मुद्रा आहे कीं नाहीं तें पाहावें, आणि जेथें नसेल त्या दाराचें नांव व माप कागदावर टिपून घ्यावें. मुलांनाच हें काम सांगितलें तर तीं मोठ्या हौसेनें करतील, आणि कोणत्या दारावर धांवत जाऊं नये हें त्यांच्याही ध्यानांत राहील.